फुफाट्यातली जुनी सायकल : लोणंद ते पंढरपूर, तीन दिवस

(सहलीच्या तयारीसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे स्टँडवर उभी केलेली ही सायकल आधी नीट बघा. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, साखळी पूर्ण झाकणारं चेनकव्हर, पुढे झुकलेला लांब चिमटा, स्प्रिंगांवर बसवलेली कातडी सीट. यातली एकही गोष्ट शोभेची नाही. ही सायकल घडली तेव्हा डांबरी रस्ता हा अपवाद होता आणि खडी, मुरूम, माती हा नियम. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं. लांब चिमटा हादरे मनगटापर्यंत पोचू देत नाही. चेनकव्हर धूळ अडवतं. तेव्हा लोणंदहून निघून फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर गाठायचं, तेही हमरस्ता सोडून कालव्याकडच्या आणि शिवारातल्या वाटांनी, म्हणजे या सायकलीला तिच्या घरच्या रस्त्यावर नेणं आहे. बिघाड होतात ते बहुतेक दोन कारणांनी. हादऱ्यांनी जोड सैल होतात आणि उन्हानं रबर व कातडं मरतं. धुळीचा नंबर त्यानंतर लागतो.

सुरुवात कॉटर पिनेपासून, कारण निम्म्या सहली तिथेच अडखळतात. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आणि तो फिरवतो तो एक्सल यांना जोडणारी ही पाचर आहे. ती नटानं घट्ट होते असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. पिन ठोकून बसते. नट फक्त ती परत बाहेर येऊ नये म्हणून असतो. नट पान्यानं ओढून पिन बसवायला गेलात तर आटे जातात आणि पिन सैलच राहते. ब्रिटिश घाटाच्या सायकलींना साधारण साडेनऊ मिलिमीटरची पिन लागते. नवी पिन सरळ घालू नका. तिचा सपाट भाग कानशीनं एकसारखा घासा, आणि आत दाबल्यावर पलीकडे पाच ते आठ मिलिमीटर आटे दिसतील असं बघा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घातल्या पाहिजेत, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि दिवसभरात गुडघा दुखायला लागतो. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर टेकवून धरा, म्हणजे घाव नळीतून जमिनीत उतरतो. आधार न देता ठोकलं तर तोच घाव बी.बी.च्या, म्हणजे एक्सल ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या, छर्‍यांवर बसतो आणि छर्रे ज्यात बसतात त्या कपात खळगे पडतात. पिन बसली, नट आवळला, की काम संपलं असं नाही. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा दोन घाव घाला आणि नट आवळा. त्या वेळी पिन हमखास थोडी आत सरकते. पायडल मारताना प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ असा आवाज येऊ लागला तर पुढच्या गावाची वाट बघू नका, तिथेच उतरा. सैल पिनेवर दहा किलोमीटर काढले तर क्रँकचं भोक लांबट होतं, आणि मग नवी पिनसुद्धा धरत नाही.

बी.बी. उघडायची असेल तर ती आठ दिवस आधी उघडा, आदल्या रात्री नको. प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे लागतात. एक-दोन छर्‍यांना जरी चट्टे दिसले तरी सगळे बदला. त्यांची किंमत किरकोळ आहे. कप बदलायची वेळ आली तर सायकलचं कूळ ओळखा. इंग्लंडच्या जुन्या रॅलेच्या बी.बी.ला इंचाला सव्वीस आटे असतात, बाकीच्या बहुतेकांना चोवीस. लुधियान्याचा चोवीस आट्यांचा कप रॅलेत जोर लावून फिरवला तर फ्रेम कायमची गेली. सोनिपतची ॲटलस १९५१ची, मद्रासकडची टीआय सायकल्स १९४९ची. या देशी कंपन्यांच्या जुन्या सायकलींना मात्र आजही लुधियान्यात बनणारे बरेच सुटे भाग बसतात. तालुक्याच्या कुठल्याही सायकल मार्टात ते मिळतात आणि आपल्या सहलीचा मोठा आधार तोच आहे.

हबांबद्दल, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यांबद्दल, थोडक्यात सांगतो. पुढे तीन सोळांश इंची दहा-दहा छर्रे, मागे पाव इंची नऊ-नऊ. हबला तेलाचं छिद्र आणि त्यावर पत्र्याची पट्टी असेल तर रोज संध्याकाळी आठ-दहा थेंब तेल सोडा. तेल हळूहळू कडांतून पाझरतं आणि जाताना धूळ घेऊन जातं. छिद्र नसेल तर ग्रीस भरून निघा आणि तीन दिवस हात लावू नका. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, १९३६ पासून चालत आलेला एडब्ल्यू जातीचा, तर दुसरा आणि तिसरा गिअर यांच्या मधे एक रिकामी जागा येते, तिच्यापासून सावध राहा. केबल सैल झाली की चढावर उभं राहून जोर देताना पायडल अचानक मोकळं फिरतं आणि माणूस आडव्या दांडीवर आदळतो. केबल रोज सकाळी तपासा.

गिअर नसलेल्या सायकलींसाठी एकच बदल सांगतो आणि तो मनापासून सांगतो : फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्र, बदला. पुढे शेचाळीस दाते आणि मागे अठरा असतील तर पायडलच्या एका फेरीला सायकल जवळजवळ पाच मीटर सत्तर सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी साडेवीस किलोमीटर. डांबरावर ते छान आहे, पण उन्हात, मुरमावर, समोरून वारा असताना तेवढ्या फेऱ्या होत नाहीत. पाय जडावतात, गुडघे भरतात. मागे बावीस दात्यांचं फ्रीव्हील घातलं की एका फेरीला साधारण चार मीटर पासष्ट, म्हणजे साठ फेऱ्यांना ताशी सतराच्या आसपास, आणि हा वेग दिवसभर टिकतो. साखळी मात्र साधारण एक इंचानं वाढवावी लागते, आणि मोठं फ्रीव्हील चेनकव्हरला घासत नाही ना हे चाक फिरवून ऐकावं लागतं. सगळ्यांनी सारखंच फ्रीव्हील घातलं तर आणखी एक मोठा फायदा होतो. सगळ्यांचा वेग आपोआप जुळतो, कोणाला मागून धापा टाकत यावं लागत नाही.

आता ब्रेक. दांड्यांच्या ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबले जातात. म्हणून या सायकलीत चाकाचा नुसता आऊट, म्हणजे डावी-उजवीकडे डुलणं, काढून भागत नाही. चाकाची उडी, म्हणजे वर-खाली होणं, आधी काढावी लागते. उडी राहिली तर ब्रेक धरताना हँडल थरथरतं आणि गुटके एका बाजूनं झिजतात. पुढच्या चाकाला बत्तीस आरे, मागच्याला चाळीस. प्रत्येक आरा बोटानं छेडून बघा, आवाज साधारण एका पट्टीत आला पाहिजे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सायकलीचे गुटके दगडासारखे कडक होतात. ते घासून चालवू नका, नवे घाला. दांड्यांच्या जोडांवरचे छोटे स्क्रू हादऱ्यांनी फिरतात, त्यांना रोज एकदा पाना लावा. जुन्या इंग्रजी नटांना आजचा मिलिमीटरचा पाना अर्धवट बसतो आणि कोपरे घासून टाकतो. बरोबर मापाचा पाना नसेल तर चांगला स्क्रू पाना वापरा, जबडा घट्ट लावून.

हवा आणि टायर हा विषय उन्हाळ्यात निर्णायक आहे. एप्रिलमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी गाठतो. सावलीत पंचवीस अंशाला टायरमध्ये पन्नास पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा भरली आणि उन्हात टायर पंचावन्न अंशांपर्यंत तापला तर दाब सहा-सात पीएसआयनं वाढतो. जुन्या रिमला टायर धरून ठेवणारी कडेची वळी नसते, त्यामुळे काठोकाठ भरलेला टायर दुपारी रिमवरून निसटू शकतो आणि ट्यूब फुटते. सत्तर किलोच्या माणसासाठी मागे पंचेचाळीस आणि पुढे अडतीसच्या आसपास पुरे. याहून फार कमीही नको, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. एक अडचण लक्षात घ्या. आपल्या सायकलींच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते, ती हवा आत जाऊ देते पण बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे चाकातला दाब दाबमापकावर थेट वाचता येत नाही. पायपंपावरचा आकडा थोडा जास्तच दिसतो. सायकलवर बसून मागचा टायर जमिनीशी किंचित फुगतो का, ते बघायला शिका. ही व्हॉल्व्हट्यूब उन्हानं चिरते आणि रात्रभरात चाक बसतं. सकाळी चाक बसलेलं दिसलं की पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्ह काढून नळी बदला. प्रत्येकाच्या खिशात बोटभर नळीचा तुकडा असलाच पाहिजे.

पंक्चर होणारच, कारण या पट्ट्यात वेडी बाभूळ आहे आणि वाटेच्या कडेला सराटे आहेत. सायकल कडेच्या गवतात उभी करू नका. सराटे तिथूनच लागतात. मागचं चाक मात्र पंक्चरसाठी काढायचं नाही. चेनकव्हर, मडगार्ड, स्टँड, ब्रेकच्या दांड्या हे सगळं सोडवण्यात तास जातो. गावातला पंक्चरवाला करतो तसंच करा. सायकल आडवी पाडा, एका बाजूनं टायर उकला, ट्यूब बाहेर ओढा, पंप मारून छिद्र शोधा. टायरच्या आतून बोट न फिरवता फडकं फिरवा. काटा फडक्याला अडकतो, बोट वाचतं. ट्यूब आधी सावलीत थंड होऊ द्या. तापलेल्या रबरावर सोल्यूशन वरून सुकतं आणि आत ओलं राहतं, मग पॅच तासाभरात सुटतो. कानशीनं घासा, पातळ थर द्या, बोट लावून चिकट पण कोरडं वाटलं की पॅच दाबा. सोल्यूशनची एकदा उघडलेली नळी उन्हात दोन दिवसांत वाळते, म्हणून मोठी एक नळी आणण्यापेक्षा लहान लहान न उघडलेल्या आणा. टायरच चिरला असेल तर आतून जुन्या टायरच्या तुकड्याचं ठिगळ (गेटर) मारा आणि त्या चाकात हवा थोडी कमी ठेवा.

साखळीचं थोडक्यात. चेनकव्हर पूर्ण असेल तर तेल सोडून विसरा. उघडी साखळी असेल तर तेल फुफाट्याला बोलावतं आणि दोघांचं मिळून साखळी घासून झिजवणारं मलम होतं. डिझेलनं धुऊन, वाळवून, वितळलेल्या मेणात बुडवून काढा, आणि मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून तापवा, थेट आचेवर ठेवू नका.

कातड्याच्या सीटला खोबरेल तेल लावू नका. कातडं मऊ पडतं आणि मधून झोळीसारखं खाली येतं. चरबी-मेणाचं मलम आठ दिवस आधी खालच्या बाजूनं लावा. घामानं ओली झालेली सीट कधीही आवळू नका, रात्रभर वाळू द्या.

बारा जणांच्या गटाला एकत्र किती सामान लागतं? सहा ट्यूब, एक मीटर व्हॉल्व्हट्यूब, सहा जोड कॉटर पिना नटांसह, दोन्ही मापांचे दहा-दहा आरे, चार जोड गुटके, दोन्ही मापांचे छर्रे, एक बावीस दाती फ्रीव्हील, साखळीच्या क्लिप लिंका, अर्ध्या किलोची हातोडी, तो नळीचा तुकडा, कानस, बांधायची तार आणि दोन पंप. हे सगळं एकाच्या कॅरिअरवर लादू नका. हातोडी आणि पिना शेवटच्या सायकलवर असाव्यात, कारण मोडलेली सायकल नेहमी मागे राहते आणि हत्यारं पुढे गेलेली असतात. प्रत्येकाच्या कॅरिअरवर आठ किलोपेक्षा जास्त नको. बोजा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. दोरी हादऱ्यांनी सैल होते, रबर ताण धरून राहतं.

रस्त्यावरची शिस्त. डांबरावर एकमेकांच्या मागे चिकटून चालवायची सवय इथे सोडा. पुढच्याच्या चाकाची धूळ तुमच्या छातीत जाते आणि खड्डा दिसत नाही. तीस-चाळीस मीटर अंतर ठेवा, वारा आडवा असेल तर वाऱ्याच्या अंगानं एकेक तिरपे चला. नाकातोंडावर ओला पंचा बांधा. ट्रॅक्टरची चाकोरी लागली तर एकच निवडा आणि तीत राहा. दोन चाकोऱ्यांमधून तिरपं जाताना पुढचं चाक कडेला अडकतं. घोटाभर फुफाटा दिसला की आधीच वेग कमी करा, वजन मागे घ्या, हँडल सैल धरा, पायडल मारत राहा. फुफाट्यात पुढचा ब्रेक धरला की माणूस पडतो. नीरा उजव्या कालव्याच्या सेवा रस्त्यावरून जायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी काढावी. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, सुरू असेल तर पाणी काठाला लागून वाहतं. अस्तर केलेल्या बाजू शेवाळानं निसरड्या असतात. हातपाय धुवायलासुद्धा उतरायचं नाही.

रोजचं अंतर पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर, त्याहून जास्त नाही. उजाडता उजाडता निघायचं, अकराच्या आत शाळा, देऊळ किंवा चिंचेची सावली गाठायची, चारनंतर उरलेलं. तासाला पाऊण ते एक लिटर पाणी घोट घोट प्यायचं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेलं ताक. कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजतंय पण घाम थांबलाय असं दिसलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. त्या माणसाची सहल तिथेच संपते, मग त्याला कितीही बरं वाटलं तरी.

मुक्कामी पोचल्यावर सायकलवर पाणी मारू नका. पाण्याबरोबर धूळ छर्‍यांपर्यंत उतरते. कोरड्या कुंच्यानं धूळ झाडा, रिमच्या आतून फडकं फिरवा, गुटक्यात रुतलेले खडे टोकदार खिळ्यानं काढा. मग हातोडी एकानं घ्यायची आणि ओळीनं बाराही सायकलींच्या चोवीस पिना हातानं हलवून बघायच्या. जी हलेल ती त्याच रात्री ठोकायची.