हे सामान इथंच राहू द्या

[दृश्य: टेबलावर उघडी नोंदवही, तिच्यावर फिरणारा ब्रश]

ब्रश मऊ आहे आणि तो शिवणीकडून बाहेर फिरतोय. उलटा फिरवला, तर धूळ शिवणीतच जाऊन बसते. चर्चच्या जुन्या वस्तू जपून ठेवलेल्या एका खोलीत हे काम चाललंय. जालना परिसरातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, ही बाप्तिस्म्याची नोंदवही. बाळाचं नाव, आईबापाचं नाव, गाव, धंदा, शेवटी पाळकांची सही. काळी शाई आता तपकिरी झालीय. जुन्या शाईत लोह असायचं, ते वर्षानुवर्षं कागद खात राहतं. इथं बघा, अक्षर गेलंय आणि त्याच्याच आकाराचं भोक उरलंय.

[दृश्य: पिवळी पडलेली सेलोटेप, जवळून]

ही पट्टी कुणीतरी जिव्हाळ्यानंच लावली असणार. ती अलगद काढायची, विरलेल्या जागी जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, ठेवायचा आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावायची. खळच का? तर उद्या कुणाला हे काम पुन्हा करावं लागलं, तर ती पाण्यानं सुटते. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाचं तसं नाही. एका पानाला कधी कधी अख्खी दुपार जाते.

[दृश्य: बेथेलकडं जाणारा रस्ता, बाभळी]

जालन्याजवळची बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली नारायण शेषाद्रींनी. ब्राह्मण घरातला हा तरुण 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाला आणि पुढं निजामाच्या मुलखात कामाला आला. वसाहतीला जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. 1873 साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट संघटनेच्या परिषदेत शेषाद्री बोलले. पण मंडळी उभी राहिली ती मांगवाड्या-महारवाड्यांतल्या माणसांवर. त्यांची नावं इतर दप्तरांत क्वचितच सापडतात. चर्चच्या वहीत ती आहेत, बापाच्या नावासकट.

[दृश्य: काचेच्या कपाटात टाळ, हार्मोनियम, प्रभुभोजनाचा प्याला]

चर्चमध्ये टाळ कसे, असं पाहुणे विचारतात. नारायण वामन टिळकांची भजनं आणि ख्रिस्ती कीर्तनं मराठी मंडळ्यांत रुजली, तेव्हा टाळ आलेच की! मोठी ख्रिस्ती संग्रहालयं दुसरीकडं आहेत. गोव्यात हस्तिदंत आहे, सोन्याचांदीची कारागिरी आहे. तिथलं ख्रिस्ती कला संग्रहालय 1994 साली राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झालं, 2002 साली जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात गेलं. मुंबईच्या आर्चडायोसिसनं, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांतानं, गोरेगावात 2011 साली आपलं संग्रहालय उघडलं. ती कामं मोठी आहेत, मान्य. पण मराठवाड्याचे टाळ तिकडं नेऊन ठेवले, तर ते वाजवणार कोण?

2001 साली व्हॅटिकननं चर्चच्या संग्रहालयांवर एक परिपत्रक काढलं. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचं कोठार नव्हे, त्यांचा उपासनेशी आणि माणसांशी धागा राहिला पाहिजे, असा त्याचा रोख. पत्र कॅथलिकांचं, पण त्यातला विचार सगळ्यांनाच लागू पडतो. इथला प्याला नाताळात कपाटातून निघतो आणि पुसून परत कपाटात जातो.

कितीतरी मंडळ्यांच्या वह्या मात्र वाळवीनं नेल्या, काही रद्दीत गेल्या.

[दृश्य: खोलीचं दार, आत आलेलं एक कुटुंब]

खोली रविवारी उपासनेनंतर उघडते. अभ्यासकाला इथं पानांचे फोटो दाखवतात. पणजोबांची नोंद शोधत आलेल्या घरच्यांपुढं मात्र मूळ वही उघडतात, हात धुवून घ्यायला सांगून. जाणकार संग्रहालयवाले यावर नाक मुरडतील. मुरडू देत.