खानावळीत मासे मागवताना

श्रोतेहो, नमस्कार. गल्लीतली मालवणी खानावळ, सहा-आठ टेबलं, दाराशी खडूनं लिहिलेला फळा. अशा ठिकाणी मासे खायला गेल्यावर काय विचारायचं, एवढाच आजचा विषय. ‘ताजं काय आहे?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, सगळंच ताजं! विचारायचं ते असं: ‘आज काय आलं, आणि काय आलं नाही?’ पुन्हा सांगतो, काय आलं नाही, हेही विचारायचं.

यावरून एक किस्सा. ऑगस्टचा पहिला आठवडा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ती नुकतीच उठलेली. एक गृहस्थ खानावळीत आले आणि बसता बसताच म्हणाले, ‘पापलेट फ्राय, आणि ताट.’ मालकीणबाई म्हणाल्या, ‘पापलेट नको, आज बांगडो घेवा.’ गृहस्थ चिडले. फळ्यावर पापलेट लिहिलंय, पैसे मी मोजणार, आणि माझ्या गळ्यात बांगडा?

बाई वाद घालत बसल्या नाहीत. आत गेल्या आणि ताटलीत दोन अख्खे कच्चे मासे घेऊन आल्या. आधी बांगड्याचा कल्ला बोटानं उचलला. आत लालभडक. पाठीवर अंगठा दाबला, खळगा लगेच भरून आला. मग पापलेट. कल्ला तपकिरी, डोळा आत गेलेला, अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. बर्फात पडून आठवडे झालेले. गृहस्थ म्हणाले, ‘मग फळ्यावर लिहिलंत कशाला?’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्यासारखे इचारतत म्हणान!’

पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मिळू दे. पण पाहुणा आला की पापलेटच, ही आपली खोड काही जात नाही, आणि शिळ्या पापलेटाचे पैसे त्या खोडीपायीच जातात.

तर गृहस्थांनी मुकाट्यानं बांगड्याचं ताट घेतलं. चार घास छान गेले, आणि एकदम जीभ बधिर, ओठांना मुंग्या! ‘बांगडा कुजका आहे!’ सगळी खानावळ त्यांच्याकडे बघायला लागली. बाईंनी त्यांच्या वाटीत चमचा घातला, तळातून एक अर्धवट चावलेलं काळपट फळ काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. ‘ह्या तिरफळ. ता चावूचा नसता.’

आता यातलं खरं-खोटं. तिरफळ ठेचून, बी काढून रश्शात सोडतात. त्याचा वास उतरू द्यायचा, फळ बाजूला सारायचं. चावलं तर मुंग्या येतात आणि थोड्या वेळात जातात. पण गृहस्थांची शंका अगदीच वेडी नव्हती. बांगडा पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही, तर त्याच्या मांसात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. तेही जिभेला झोंबतं. वर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. आणि हे हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही. पुन्हा सांगतो, तळून जात नाही. म्हणून रश्शात झोंबलं तर आधी वाटीत तिरफळ शोधा. तळलेल्या तुकडीत तिरफळ नसतं. तिथे झोंबलं, तर घास थुंका आणि ताट परत करा.

बोंबील मागवलात तर मधून मोडून बघा. बोंबलात पाणी फार. तो उभा चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढूनच रव्यात घोळवायचा असतो. घाईत दाबायचं राहिलं की बाहेरून कुरकुरीत आणि आत लगदा. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कवचासकट आल्या आणि एखादी शिजूनही मिटलेली असली, तर ती उघडायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. सोलकढी मात्र आधी नुसती बघा. कोकमाचा आगळ, म्हणजे रस, आणि नारळाचं दूध, यांचा रंग फिका गुलाबी येतो. लग्नाच्या मांडवासारखी झगझगीत कढी दिसली, तर बीट नाहीतर रंग घातलाय असं समजा. आणि खानावळीत मोठ्यानं टीव्ही लावणाऱ्यांना काय म्हणावं? काटा काढताना लक्ष तोंडात हवं, मालिकेत नव्हे.

जायचं साडेबाराच्या सुमाराला. दोननंतर रस्सा वाढवलेला असतो, पाणी घालून. शेवटचं, फळ्यावर दराच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असेल, तर नग कच्चा असतानाच दाखवायला सांगा आणि दर विचारा. तव्यावर पडल्यावर घासाघीस चालत नाही.

नमस्कार.