धार निघायच्या आधी

(गंगावेस, दूध कट्टा, संध्याकाळ. कासेवर क्लोजअप.)

आधी आवाज ऐका. रिकाम्या चरवीत पहिली धार ठणठण वाजते, मग फेस चढला की तोच आवाज जाडा होत जातो. कोल्हापुरात म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, ग्लास भरला की उभ्याउभ्याच प्यायचं, मिशीला फेस लागला तर लागू दे. मामांनी सडाला हात लावला, म्हशीनं पान्हा सोडला, एवढं आपल्याला दिसतं, पण दूध काय आत्ता तयार झालेलं नाही, मागची धार काढल्यापासून कासेतल्या पेशी तेच करत बसल्यात आणि आपली गोष्ट तिथली आहे.

(टेबलावर शाडूचं मॉडेल.)

पेशीत आपला कॅमेरा जात नाही म्हणून हे शाडूचं. ह्या घड्याघड्यांच्या पडद्याला पुस्तकात आंतर्द्रव्यजालिका म्हणतात, हे नाव नीट लिहिण्यातच आमचे मार्क जायचे, आपण सरळ ईआर म्हणूया. वर चिकटवलेली मोहरी म्हणजे रायबोसोम. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन, ते ह्या मोहरीवर विणलं जातं, डेअरीत फॅट-एसएनएफ लावतात ना, त्या एसएनएफमधलं, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागातलं. केसिनच्या तोंडाशी अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो, तोच पत्ता. तो दिसला की रायबोसोम ईआरला येऊन चिकटतो, साखळी आत सरकते आणि काम झालेला तुकडा कापला जातो. हा पत्ता शोधणाऱ्या ग्युंटर ब्लोबेलना १९९९ चं नोबेल मिळालं.

आत गेलं म्हणजे सुटलं असं नाही हं. प्रथिनाची घडी नीट बसली पाहिजे, त्यासाठी मदतनीस प्रथिनं आहेत, घडी बिघडलेल्याला ती धरून ठेवतात, फारच बिघडलं तर बाहेर ढकलून त्याचे तुकडे करतात. आता ही गुलाबी गोळी बघा, हे सार-१ नावाचं प्रथिन, पुढं येणारी सेक नावाचीही प्रथिनंच. ते पडद्याला चिकटलं की सेक-२३ आणि सेक-२४ची जोडी येते, त्यातलं सेक-२४ माल निवडतं, मग सेक-१३ आणि सेक-३१ वरून जाळीचं कवच घालतात, पडदा फुगतो आणि पिशवी तुटून निघते गॉल्जीकडं, म्हणजे पेशीतल्या पुढच्या ठाण्याकडं, जिथं माल तयार करून वाटेला लावतात. ही पिशवी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान, आमची शाडूची लिंबाएवढी झाली, ते सोडून द्या. गडबडीत ईआरचे स्वतःचे कामगारही मालाबरोबर निघून जातात, पण त्यांच्या शेपटाला के-डी-ई-एल अशी चार अक्षरं, म्हणजे चार अमिनो आम्लं, असतात, गॉल्जीवाला ती वाचतो आणि परतीच्या पिशवीत घालून माघारी पाठवतो.

(कॉलेजची लॅब, मायक्रोस्कोपखाली यीस्ट.)

हा शॉट मिळायला आख्खी दुपार गेली. हे बेकरीतलं यीस्ट, बाजूला कोंब फुटतोय बघा. म्हशीच्या गोष्टीत यीस्ट कशाला, तर हा सगळा रस्ता सापडला तो ह्याच्यामुळं. १९७९-८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलीला रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक असं बिघडलेलं यीस्ट शोधत होते जे गारव्यात ठीक चालतं, पण ३७ अंशाला नेलं की त्याचा माल आतच तुंबतो. आता लाखो पेशींत तुंबलेली ओळखायची कशी? तुंबलेली पेशी जड होते! द्रवाच्या थरांत टाकून फिरवलं की ती खाली बसते, दूध तपासायच्या लॅक्टोमीटरमागं जी घनता आहे तीच इथं, फक्त काम उलटं, तिथं द्रव ओळखायचा, इथं पेशी. अशी २३ जनुकं हाताला लागली, सेक ही नावं तिथलीच. कुठल्या बिघाडात माल कुठं अडकला हे बघत बघत त्यांनी रस्ता मांडला. २०१३ ला शेकमनना नोबेल, पेशीतल्या ह्याच वाहतुकीवर काम करणाऱ्या रॉथमन आणि स्यूडहॉफ यांच्याबरोबर. वर्गात हे सांगत नाहीत, तिथं आकृती काढा आणि नावं द्या.

(कट्ट्याच्या कडेला शेळी.)

ही मध्येच आली फ्रेममध्ये, पण कामाची निघाली. काही शेळ्यांत केसिनचा एक प्रकार, अल्फा-एस-वन, जन्मतःच बनत नाही, आणि मग बाकीची केसिनंही ईआरमधनं नीट निघत नाहीत, ईआर फुगून बसतं. एकटा आला नाही म्हणून सगळी पंगत खोळंबली.

माणसात सिस्टिक फायब्रोसिस ह्या आनुवंशिक आजारात बहुतेकदा असंच होतं, एका प्रथिनातलं ५०८ नंबरचं अमिनो आम्ल गळतं आणि ते प्रथिन ईआरमध्येच अडवून मोडलं जातं, फुफ्फुसात घट्ट कफ साचतो.

(परत कट्टा. दिवे लागलेत.)

गॉल्जीत केसिनला फॉस्फेट चिकटतं, कॅल्शियम मिळतं, बारीक बारीक गोळे बनतात, आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो म्हणून दूध एवढं पांढरं दिसतं. मग शेवटची पिशवी पेशीच्या टोकाला जाऊन फुटते. तिथनं ह्या सडापर्यंत, आणि मामा म्हणतात, "ग्लास पुढं करा की."

(इथनं निवेदन बंद, फक्त धारेचा आवाज.)