तोंडात बसवलेलं रडार

नमस्कार श्रोतेहो.

भुईनळ्याला उदबत्ती लावली की आपलं काम संपलं. आत दारू आहे तोवर तो उसळणार. गॅसची कळ फिरवून आच मंद करतो, तशी सोय तिथे नाही. घन इंधनाची रॉकेट मोटर म्हणजे हेच. एकदा पेटली की संपेपर्यंत जळणार.

अशीच मोटर पोटाशी घेऊन अमेरिकेचं सर्वेअर-१ हे यान २ जून १९६६ला चंद्रावर उतरलं. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट कुचकामी. वेग सेकंदाला अडीच किलोमीटरहून जास्त. मोटर लवकर पेटली तर वरच संपणार, उशिरा पेटली तर यानाचा चुरा. मग पेटवायची नेमकी कधी?

त्यासाठी एक रडार होतं. चंद्र शंभरेक किलोमीटरवर आला की खूण द्यायची, एवढंच त्याचं काम. एकच खूण, आयुष्यात एकदाच. आता हे रडार बसवलं कुठे असेल? ज्या तोंडातून आग बाहेर पडणार, त्या मोटरच्या तोंडात! रडारनं खूण दिली, काही सेकंदांनी मोटर पेटली, आणि आतून सुटलेल्या वायूनं रडारला बाटलीच्या बुचासारखं बाहेर उडवलं. म्हणजे ज्यानं आग लावायची वेळ सांगितली, तेच आगीच्या तोंडी गेलं. काम झालं, वजन गेलं.

टाकायलाही अक्कल लागते हो. आमच्या माळ्यावर जळक्या मिक्सरची तीन भांडी आहेत. ‘असू देत, लागतील कधीतरी.’ मिक्सर जाऊन अकरा वर्षं झाली.

असो. पाऊण मिनिटाच्या आत वेग ताशी चारशे किलोमीटरवर आला. मग रिकामी मोटरही टाकली. पुढचं काम तीन लहान द्रवइंधन इंजिनांचं, त्यांची आच मात्र कमीजास्त करता येत होती. जमीन तीन-चार मीटरवर आली तेव्हा तीही बंद केली, आणि यान तेवढ्यावरून अलगद पडलं. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, त्यामुळे निभावलं.

द्रवइंधनच का नाही वापरलं सगळीकडे? आपल्या विक्रमनं २०२३मध्ये वापरलं. पण घन मोटरीत पंप नाही, झडपा नाहीत, आणि लहानशा गोळ्यात जोर दांडगा.

फक्त एकदा पेटली की संपेपर्यंत जळणार. जुलै १९६७मध्ये सर्वेअर-४ची मोटर जळत असतानाच संदेश तुटला. उतरायला अडीच मिनिटं होती. मोटर फुटली असावी, असा एक तर्क. ठाम उत्तर कधीच मिळालं नाही.