नळच नाही, तर बंद काय करणार?

पाटीवर विषय लिहिलाय ‘शालेय शिक्षणातून आरोग्य, मनःस्वास्थ्य आणि पर्यावरण’. पाटीवर मावला खरा, माझ्या अर्ध्या तासात मावेल असं वाटत नाही. त्यात मागे बटाटेवडे तळायला घेतलेत. तुमचं लक्ष कुठे आहे ते मला इथून दिसतंय.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांतून शिकवायला सांगितलं. चांगलंच केलं. पण शिकवणारे आम्ही! चौथीचा पेपर, ‘पाणी वाचवण्याचे दोन उपाय लिहा.’ अपेक्षित उत्तर, दात घासताना नळ बंद ठेवावा. एका पोराने लिहिलं, ‘आमच्याकडे नळ नाही. आई बावीवरून दोन हंडे आणते. आंघोळीचं पाणी अळवाला जातं.’ मी लाल फुली मारली. शून्य. मुद्दा पुस्तकात नव्हता ना!

संध्याकाळी त्याची आई वाटेत भेटली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. पेपर तिने पाहिला होता. म्हणाली, ‘‘गुरुजी, वाचवूक पाणी आधी व्हया ना?’’ आणि गेली. पाण्याचा थेंब सांडला नाही. मी मात्र तिथेच उभा.

आता बघा, सिंधुदुर्गात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवरची बाव, म्हणजे विहीर, तळ दाखवते. का? जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी थांबतच नाही. मुंबईच्या नातेवाइकांसारखं, चतुर्थीला येतं नि लगेच परततं. (हसलात, म्हणजे तुमच्याकडेही तीच गत.) हे पोरांना कळायला हवं, तर पुढच्या वर्षी पाऊस गेल्यावर, शाळेमागचा व्हाळ, म्हणजे ओढा, वाहता होता तेव्हा, आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून बंधारा घातला. पहिला दुसऱ्याच दिवशी फुटला. गोण्या नुसत्या एकावर एक रचल्या होत्या, सांध्यावर सांधा. गावातला एक गवंडी बघून म्हणाला, ‘‘गुरुजी, चिरे असे लावतत?’’ मग सांधे मोडून रचल्या, मधल्या फटींत चिखल ठोकला. दर शनिवारी पोरं शाळेच्या बावीत गाठी मारलेली दोरी सोडायची नि किती गाठी भिजल्या ते वहीत लिहायची. गणित त्यातच झालं. मे महिन्यात त्या वर्षी तीन गाठी भिजत होत्या, आदल्या वर्षी दोरी कोरडी वर आली असती.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं.

आरोग्य. हात धुवा, हे शिकवतो. पण जुलैत भाताचा तरवा, म्हणजे रोपं, काढायला पोरं अनवाणी चिखलात उतरतात. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, उंदराच्या मुतातून त्या पाण्यात येतो, पायाच्या जखमेतून शिरतो. जखम झाकून उतरा, त्या दिवसांत ताप आला की अंगावर काढू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. हा धडा जूनमध्येच व्हायला हवा, पुस्तकात तो कितव्या पानावर आहे याची वाट न बघता.

मनाचं राहिलंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बाप घरी असला की होडीवाल्याचं पोर वर्गात जास्त बोलतं. ऑगस्टमध्ये पुन्हा गप्प होतं. शिक्षकाने तेवढं टिपलं, त्याला जवळ बसवलं, दोन शब्द विचारले, की निम्मं काम झालं. त्याला तासिका लागत नाही.

देवराईबद्दल बोलायचं होतं, पण अध्यक्ष घड्याळाकडे नाही, आता वड्यांकडे बघतायत. प्रश्न तिकडेच विचारा.