घनु वाजे घुणघुणा: आरशात न दिसलेलं रूप

(दृश्य: आळंदी. इंद्रायणीचा घाट, भरून आलेलं आभाळ.)

घनु वाजे घुणघुणा । वारा वाहे रुणझुणा ।

अर्थ राहू द्या, आधी नुसतं ऐका. 'घुणघुणा' म्हणताना आवाज छातीत घुमतो. 'रुणझुणा' म्हणताना तोच हलका होऊन जिभेवर नाचू लागतो. ढग लांब आहे, वारा अगदी जवळ आलाय, आणि त्याच्या पायांत जणू पैंजण आहेत. वाट पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक चाहूल येणाऱ्याचीच वाटते.

ही ज्ञानेश्वरांची विरहिणी, म्हणजे विरहात झुरणाऱ्या बाईचं गाणं. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगणारे आणि 1296 मध्ये इथेच समाधी घेणारे ज्ञानेश्वर या रचनेत एका बाईच्या तोंडून बोलतात. बोलतात तेही बायकांशीच.

चांदु वो चांदणें । चांपे वो चंदनु ।
देवकीनंदनु । विण नावडे वो ॥

(दृश्य: रात्र. पाण्यात हलणारा चंद्र.)

यातला 'वो' पाहा. आपण 'अगं', 'बाई गं' म्हणतो, तसाच तो. जवळच्या सखीशी बोलतानाच असा शब्द ओठांवर येतो. देवाविषयीचं हे सगळं बोलणं मैत्रिणींच्या घोळक्यात चाललंय. ती त्यांना म्हणते, 'वेगीं भेटवा कां'. 'भेटवा', म्हणजे तुम्ही त्याची भेट घडवून आणा. त्या 'कां'मध्ये केवढी काकुळती आहे!

चंदनाची चोळी । माझें सर्व अंग पोळी ।

विरहात चंदन जाळतं, हे ज्ञानेश्वरांच्या आधीपासून कवी सांगत आले आहेत. जयदेवाच्या गीतगोविंद या संस्कृत काव्यातली राधाही चंदनाला आणि चांदण्याला दोष देते. ज्ञानेश्वर तोच संकेत घेतात, पण संस्कृतातून उचलून घरात आणतात. 'चोळी' आणि 'पोळी' (म्हणजे पोळते) हे घरातले शब्द. अंग कसं पोळतं, हे चुलीपाशी बसलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

इथे पुष्कळदा घाई होते. घन म्हणजे अनाहत नाद, योग्याला आतून ऐकू येणारा, सखी म्हणजे संत, असे अर्थ लावून आपण मोकळे होतो. ते अर्थ खोटे नाहीत. 'भवतारकु' हा शब्द पहिल्याच कडव्यात आहे. संसारातून तारून नेणारा तो हाच कान्हा, हे तिला ठाऊक आहे. पण म्हणून तिच्या अंगाची आग रूपक ठरवून बाजूला सारली, तर हातात काय उरतं? फुलांची शेज तिला खरोखर पोळते आहे. कोकिळेचा आवाज तिला खरोखर सोसत नाही. कोकिळेला गप्प करा, असं ती बायांना विनवते. भक्ती आहे ती या पोळण्यातच.

(दृश्य: काळोखी खोली, कोनाड्यातला दिवा. काही क्षण शांतता.)

आणि मग शेवटचं कडवं.

दर्पणीं पाहतां रूप । न दिसे वो आपुलें ।
बापरखुमादेविवरे विठ्ठलें । मज ऐसें केलें ॥

आतापर्यंत ती कान्हा म्हणत होती, देवकीनंदन, वनमाळी म्हणत होती. इथे एकदम विठ्ठल येतो, म्हणजे गोकुळातून आपण पंढरीत पोचलो. 'बापरखुमादेविवरु', म्हणजे रखुमाईचा पती, ही तर ज्ञानेश्वरांची नाममुद्रा, रचनेच्या शेवटी येणारी त्यांची सही. विरहिणी आणि ज्ञानेश्वर एकाच ओळीत उभे राहतात. कोण कुठे संपतं, ते सांगता येत नाही.

मला सगळ्यात हलवून जातं ते या कडव्यातलं व्याकरण. 'भेटवा', 'विझवा', 'वर्जावें': इतका वेळ ती दुसऱ्यांना काही ना काही करायला सांगत होती. आरशापुढे आल्यावर तिचं मागणं थांबतं. शेवटी क्रियापद उरतं ते 'केलें', आणि त्याचा कर्ता आहे विठ्ठल. तो भेटला, असं ती म्हणत नाही. नाही भेटला, असंही नाही. 'वो' मात्र अजून आहे. आरशातलं आपलं रूप हरवल्यावरही ती ते सखीलाच सांगते आहे.

मज ऐसें केलें.

'ऐसें' म्हणजे कसं, हे तिने सांगितलेलं नाही.

(दृश्य: रिकामा आरसा. दूरवरून येणारा टाळांचा आवाज.)