हातमोजे की दस्ताने?

मंडळी, भर जानेवारीत ग्वाल्हेरला संध्याकाळचं व्याख्यान ठेवणाऱ्यांच्या हिमतीला दाद द्या. टाळ्या ऐकू येणार नाहीत म्हणा, निम्म्या सभेचे हात लोकरीत आहेत! म्हणजे प्रात्यक्षिकाची सोय झाली.

आज ‘हातमोजे’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगायची आहे. पण आधी माझं दुखणं ऐका. आमचे एक साडू पुण्याचे. गेल्या थंडीत त्यांना मेळ्यात नेलं. मेळा म्हणजे आपलाच, ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, १९०५ पासूनचा. दुकानात मी दस्ताने मागितले. झालं! साडू चारचौघांत म्हणाले, “अहो, तुमची मराठी पार हिंदी झाली. हातमोजे म्हणा की!” आता दुकानदार भिंडचा, त्याला काय हातमोजे कळणार? मी म्हटलं, तुम्हीच मागा. साडू पुढे सरसावले, “भैया, हाथ के मोजे दिखाना.” त्यानं पायमोज्यांचा हा एवढा ढीग ओतला. “लीजिए साहब, सब हाथ के ही बुने हैं!” भिडेपोटी दोन जोड घेतले त्यांनी. त्यात अंगठा कुठे घालायचा, हे अजून विचारलेलं नाही.

काय? पाच मिनिटं राहिली? बरं, पळतो.

मोजा फारसी. तिकडे त्याचा मूळ अर्थ उंच बूट. इकडे येईतो त्याचा पायात घालायचा कपडा झाला. आपण तो हातावर चढवला आणि मग पायातल्याला ‘पायमोजा’ म्हणायची पाळी आली. जर्मनही हातमोज्याला ‘हांडशू’, म्हणजे हाताचा जोडाच म्हणतात, तेव्हा लाजायचं कारण नाही.

दस्तानाही फारसीच, दस्त म्हणजे हात. पण हा दस्त कोण? संस्कृतात हस्त, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, ज़स्त, जुन्या फारसीत दस्त. योगायोग नव्हे. संस्कृत अहम्, अवेस्तात अज़ेम, जुन्या फारसीत अदम. तोच ह, तोच ज़, तोच द! आपला ‘हात’ हस्तावरून, प्राकृतातल्या ‘हत्थ’मार्गे आलेला. म्हणजे हात आणि दस्त चुलतभाऊ. आमचा दस्ताना अख्खा हाताचा. साडूंच्या शुद्ध हातमोज्यात निम्मा बूट! आणि परक्या शब्दांचा एवढा विटाळ असेल, तर आपल्या पत्त्यातलं ‘लश्कर’, हे ग्वाल्हेरच्या भागाचं नाव, कुठलं हो?

शुद्धच हवं तर ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात ‘हस्तघ्न’ आहे. धनुष्याच्या दोरीचा फटका बसू नये म्हणून हाताला बांधायचा, सापासारखं वेटोळं घालणारा. मेळ्यात मागून बघा, भैया काय काढून देतो ते!

हो, हो, थांबतो. शंका असतील त्यांनी दस्ताने काढून हात वर करावा.